कॅराव्हॅन हाताने किंवा मूव्हरने हलवताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

हा लेख ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि मोटारीमागे ओढायची कॅराव्हॅन बाळगणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. मोटारीला जोडलेली कॅराव्हॅन दूरवर नेणे बहुतेकांना जमते. मोटार सोडवल्यानंतर घरापुढच्या जागेत किंवा तळावरच्या आखलेल्या जागेत ती नेमकी बसवताना मात्र पुन्हा पुन्हा त्याच चुका होतात. काय करायचे हे ठाऊक असते, पण आधी काय आणि नंतर काय यात घोळ होतो, आणि सव्वा टनाच्या वस्तूच्या बाबतीत हा घोळ महागात पडतो.

पुढचे सगळे एका आसाच्या, म्हणजे दोनच चाकांच्या, साधारण १,३०० किलो वजनाच्या कॅराव्हॅनला धरून लिहिले आहे. दोन आसांची कॅराव्हॅन कुठे वेगळी वागते ते त्या त्या जागी सांगितले आहे. मात्र एक नियम दोन्हींना लागू आहे. मोटार सुटल्यावर कॅराव्हॅनला धरून ठेवणाऱ्या दोनच गोष्टी उरतात, हँडब्रेक आणि मूव्हरचे, म्हणजे चाकांना रोलर टेकवून कॅराव्हॅन हलवणाऱ्या विजेच्या यंत्राचे, रोलर. या दोहोंपैकी एक तरी पकड प्रत्येक क्षणी लागलेली असली पाहिजे. हाताने ढकलताना तेवढी एक पकडही सुटलेली असते, म्हणून हाताने ढकलण्याच्या अटी अधिक कडक आहेत.

१. हाताने की मूव्हरने, हे आधी ठरवावे

हा निर्णय अंगातल्या जोरावर सोडू नये, हिशेब करावा. काँक्रीट किंवा डांबराच्या कडक, सपाट जागेवर १,३०० किलोची कॅराव्हॅन चालती ठेवायला साधारण २० ते ३० किलोचा जोर पुरतो, सुरुवातीच्या धक्क्याला थोडा जास्त लागतो. जमीन २० मीटरमागे १ मीटर चढत असेल, तर त्यात ६५ किलोची भर पडते. १० मीटरमागे १ मीटर असेल, तर १३० किलोची. भिजलेल्या गवतावर चाके रुततात, त्यामुळे सपाटीवरही शंभर किलोंच्या आसपास जोर लागू शकतो. तीन माणसे मिळून थोडा वेळ किती ढकलू शकतात याचा विचार केला, तर हाताने हलवणे फक्त कडक आणि जवळपास सपाट जागेपुरतेच ठेवावे हे उघड होते.

चढ डोळ्यांनी नीट कळत नाही. १ मीटर लांबीची सरळ फळी जमिनीवर चढाच्या दिशेने ठेवावी, तिच्यावर पाणसळ ठेवावी आणि फळीचे खालचे टोक पाणसळ समतोल दाखवेपर्यंत उचलावे. टोक ५ सेंटिमीटर उचलावे लागले, तर चढ २० ला १ आहे. माझ्या मते २ सेंटिमीटरपेक्षा जास्त उचलावे लागले, तर हाताने हलवण्याचा विचार सोडून द्यावा.

इशारा: उताराच्या दिशेने कॅराव्हॅन हाताने कधीही सोडू नये. वर नेताना दमछाक होते आणि माणसे थांबतात. खाली नेताना ती माणसांना घेऊन जाते.

मूव्हर असला तरी त्यालाही मर्यादा असते. त्याच्या माहितीपुस्तिकेत किती वजनाला किती चढ चालतो हे दिलेले असते, ते आपल्या कॅराव्हॅनच्या दाराजवळच्या पाटीवरील कमाल वजनाशी ताडून पाहावे. मूव्हरचे स्वतःचे ३० ते ४० किलो वजनही कॅराव्हॅनच्या वजनातच मोजायचे असते, आणि नेमके हेच अनेकजण विसरतात.

२. वाट चालून पाहावी

कॅराव्हॅनची रुंदी साधारण सव्वादोन मीटर आणि हिचसकट, म्हणजे मोटारीला जोडायच्या पुढच्या भागासकट, लांबी सहा ते सात मीटर असते. ती चाकांभोवती फिरते, म्हणून तोंड डावीकडे नेले की मागचा भाग उजवीकडे सरकतो. सर्वांची नजर तोंडाकडे असते आणि धडक मागच्या कोपऱ्याला बसते. वळण जिथे घ्यायचे आहे तिथे खडूने चाकांची जागा आखावी आणि त्या जागेपासून मागचा कोपरा किती बाहेर झुलेल हे दोरीने मोजावे. दोरीची लांबी आसापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी घ्यावी.

चालताना खाली आणि वर दोन्हीकडे पाहावे. खाली गटाराच्या जाळ्या, सैल खडी, ड्रेनेजची झाकणे आणि पदपथाची कडा असते. वर पन्हळ, झाडाच्या फांद्या, आणि कॅराव्हॅनचा स्वतःचा टीव्हीचा अँटेना असतो. तळावर शेजारच्या कॅराव्हॅनपासून ६ मीटर अंतर राखायचे असते, त्यामुळे अंतिम जागा दाखवणारा खुंट कुठे आहे हेही याच फेरीत पाहून ठेवावे. नाही तर सगळे बसवून झाल्यावर पुन्हा हलवण्याची वेळ येते.

जिथे सपाट जागा संपून चढ सुरू होतो, तिथे आणखी एक गोष्ट तपासावी. त्या सांध्यावर कॅराव्हॅनचे मागचे टोक किंवा हिचखालचा भाग जमिनीला घासू शकतो, आणि आसाजवळ लोंबणारा मूव्हर तर सर्वांत खाली असतो.

३. तयारी

इथे क्रम मोडू नये. वरवर पाहता कुठूनही सुरुवात केली तरी चालेल असे वाटते, पण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला सुरक्षित करते.

१) हँडब्रेक पूर्ण वर ओढावा आणि दोन्ही चाकांना पुढून व मागून अटकण, म्हणजे चॉक, लावावी.

२) विजेची बाहेरची जोडणी काढावी, गॅसची टाकी तिच्यावरची चावी फिरवून बंद करावी, सांडपाण्याचा आणि पाण्याचा डबा सोडवावा. तारेला गुंतलेली कॅराव्हॅन हलवणे ही अगदी साधी आणि वारंवार होणारी चूक आहे.

३) आतले सामान बसवावे, छताच्या खिडक्या आणि सगळी कपाटे बंद करावीत, बाहेरची पायरी उचलावी, आत कोणी नाही याची खात्री करून दार कुलूपबंद करावे. मुले आत झोपली आहेत म्हणून हळू नेऊ, असे म्हणणारेही भेटतात. आत एकही माणूस असता कामा नये.

४) वजन कुठे आहे ते पाहावे. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की ती उलाळते आणि जू आभाळाकडे जाते. एका आसाच्या कॅराव्हॅनचेही तसेच होते. मागे जड सामान असेल, तर ते आसावर आणावे. हिचवरील भार साधारण कॅराव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा, आणि तो मोटारीच्या व हिचच्या मर्यादेबाहेर जाऊ नये. हा भार हलका पडला की मूव्हर चढावर ढकलू लागताच तोंड वर उचलले जाते.

५) चाकांतील हवा मोजावी. कॅराव्हॅनच्या चाकांत मोटारीपेक्षा बरीच जास्त हवा लागते. हवा कमी असेल, तर हाताने ढकलायला जोर जास्त लागतो आणि मूव्हरचे रोलर चाकावर घसरतात. हवा भरायचीच असेल, तर रोलर लावण्याआधी भरावी, कारण हवा बदलली की रोलर आणि चाक यांच्यातले अंतरही बदलते.

६) जॉकी व्हील, म्हणजे हिचजवळचे आधाराचे छोटे चाक, खाली आणून हिचचा भार त्यावर घ्यावा. त्याची नळी चिमट्यात जितकी खोल बसेल तितकी बसवावी आणि आतला स्क्रू कमीत कमी बाहेर ठेवावा. स्क्रू फार बाहेर काढलेले जॉकी व्हील वळणावर वाकते. त्यावर ६५ ते ९० किलो भार असतो आणि तो भार आडवा खेचला जातो, त्याचा हा परिणाम. चिमट्याचा दांडा हाताने घट्ट आवळावा, त्याला पाइप लावून पिळू नये.

७) चारही कॉर्नर स्टेडी, म्हणजे कोपऱ्यांवरचे टेकू, शेवटी वर घ्यावेत. हे टेकू कॅराव्हॅन स्थिर ठेवण्यासाठी असतात, ते वजन उचलायचे जॅक नव्हेत. अर्धवट वर घेतलेला एक टेकू पदपथाच्या कडेला अडला, तर त्याची कमान मोडते आणि तळाची फळीही फाटते.

तपासणी: सगळ्या बाजूंनी एक फेरी मारावी आणि प्रत्येक टेकू हाताने स्पर्शून पाहावा. "मी वर घेतला" या कोणाच्या शब्दावर विसंबू नये. अटकणी अजून चाकांखालीच असल्या पाहिजेत.

४. हाताने हलवणे

किमान तीन सुदृढ माणसे हवीत. दोघे ढकलणारे आणि एक हँडब्रेकवर. हँडब्रेकवरच्या माणसाने दांड्याच्या बाजूने चालावे, कॅराव्हॅनच्या वाटेत पुढे नव्हे, आणि त्याने ढकलण्यात अजिबात मदत करू नये. बहुतेक अपघात असेच घडतात. ब्रेकवरचा माणूस "थोडे अडले आहे" म्हणून मदतीला जातो आणि कॅराव्हॅन सुटते तेव्हा दांड्याजवळ कोणीच नसते.

ढकलण्याची जागा म्हणजे कोपऱ्यांवरची हँडल्स. खिडक्या अॅक्रिलिकच्या असतात, मागचे दिवे प्लास्टिकच्या साच्यात बसवलेले असतात आणि भिंत ही आतल्या फोमवर चिकटवलेली पातळ पत्र्याची किंवा प्लास्टिकची थाळी असते. तळहाताच्या दाबाने तिला कायमचा पोचा पडू शकतो.

मागे ढकलताना हिचच्या डोक्यावर जोर देणे ही चूक जवळजवळ प्रत्येकजण पहिल्यांदा करतो. मोटार ब्रेक मारते तेव्हा कॅराव्हॅनचे हिच आत दाबले जाते आणि त्या दाबानेच तिचे ब्रेक लागतात, अशी ही रचना आहे. हिचवर जोर दिला की हिचचा दांडा आत जातो आणि आपण स्वतःच ब्रेक लावत ढकलत राहतो. चाके थोडी मागे गेल्यावर ब्रेकमधली आपोआप सुटणारी यंत्रणा काम करते खरी, पण तोवर माणसे थकलेली असतात. जोर चौकटीवर किंवा हँडलांवरच द्यावा, हिच फक्त दिशा देण्यासाठी धरावे.

क्रम असा ठेवावा:

१) ढकलणारे आपापल्या जागी उभे राहतात आणि तोल घेतात.

२) ज्या बाजूला जायचे आहे त्या बाजूच्या अटकणी काढतात, उलट बाजूच्या अजून ठेवतात.

३) हँडब्रेकवरचा माणूस "सोडतो" असे मोठ्याने म्हणून दांडा खाली घेतो.

४) ढकलणे सुरू झाल्यावर, कॅराव्हॅन अटकणीपासून हातभर दूर गेली की उरलेल्या अटकणी उचलून सोबत न्याव्यात.

५) एका वेळी दोन-तीन मीटरच न्यावे, थांबावे, हँडब्रेक ओढावा, श्वास घ्यावा.

दिशा उलट करताना जॉकी व्हीलकडे लक्ष द्यावे. ते ओढले जाते त्या बाजूला आपोआप फिरते. पुढे नेऊन मागे ढकलले की अर्धा फेरा घेते आणि त्या क्षणी तोंड झटक्याने बाजूला जाते. पायाची बोटे किंवा कुंपणाचा खांब तेव्हा तिथे असू नये.

इशारा: मागे नेऊन थांबल्यावर हँडब्रेक ओढला, तरी कॅराव्हॅन पूर्ण पकड बसेपर्यंत आणखी वीस-पंचवीस सेंटिमीटर मागे जाऊ शकते, कारण मागे जाताना ब्रेक सुटण्याची तीच यंत्रणा आधी उलटावी लागते. म्हणून दांडा शेवटपर्यंत वर ओढावा, चाकांमागे अटकण लावावी आणि मगच हात सोडावेत.

५. मूव्हर जोडणे

मूव्हर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. सपाटीवर तो साधारण २० ते ३५ अँपिअर खेचतो, चढावर निघताना मात्र शंभराच्या वर जाऊ शकतो. दिवे लागतात म्हणून बॅटरी भरलेली आहे असे समजणे हा मोठा गैरसमज आहे. दिव्यांना फार थोडी वीज लागते. विसावलेल्या, भरलेल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीत १२.७ व्होल्टच्या आसपास दाब असतो, १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली आहे. निम्म्या बॅटरीवर चढ चढायला जाऊ नये.

१) हँडब्रेक लागलेला आहे याची खात्री करावी.

२) मूव्हरचा मुख्य विद्युत स्विच चालू करावा.

३) रोलर चाकांवर टेकवावेत. काही मूव्हरांत हे हाताच्या दांड्याने होते, काहींत रिमोटचे बटण दाबून. दोन्ही रोलर चाकाच्या रुंदीवर सारखे दाबलेले आहेत का, हे वाकून डोळ्यांनी पाहावे. एका बाजूचा रोलर अर्धवट टेकला, तर ती बाजू मागे राहते आणि कॅराव्हॅन तिरकी जाते.

४) आता, आणि आताच, हँडब्रेक सोडावा. ती जागेवर स्थिर राहिली पाहिजे. किंचितही सरकली तर ब्रेक परत ओढून रोलर तपासावेत.

५) अटकणी काढाव्यात.

सोडताना क्रम असा ठेवावा. आधी हँडब्रेक, मग अटकणी, शेवटी रोलर. एकदा लेक डिस्ट्रिक्टमधल्या एका तळावर, पावसात, मी घाईने आधी रोलर सोडले. हँडब्रेक ओढलेला होता असे मला वाटत होते. कॅराव्हॅन दीड फूट मागे गेली आणि पाण्याच्या नळाच्या खांबाला टेकली. मागे कोणी उभे नव्हते, एवढेच नशीब. तेव्हापासून रोलर सोडण्याआधी मी हँडब्रेकच्या दांड्याला हात लावतो, नुसते पाहत नाही.

६. मूव्हरने चालवणे

रिमोटवर कॅराव्हॅनचे चित्र असते आणि बाण त्या चित्रानुसार असतात. तोंडासमोर उभे राहिले की आपला डावा हात तिचा उजवा होतो. रिमोट नेहमी असा धरावा की चित्राचे तोंड खऱ्या तोंडाच्या दिशेला असेल. मोकळ्या जागेत पुढे, मागे, डावे आणि उजवे असे चारही बाण एकेक सेकंद दाबून पाहावेत आणि मगच अरुंद वाटेला लागावे.

चालवणाऱ्याने कॅराव्हॅन आणि भिंत यांच्यामध्ये कधीही उभे राहू नये. मागचा कोपरा दिसेल अशा जागी तिरके उभे राहावे आणि आंधळ्या बाजूला दुसरे माणूस ठेवावे. त्याच्याशी शब्द आधी ठरवावेत. "थांब" हा एकच शब्द थांबण्यासाठी वापरावा आणि तो ऐकताच बोट उचलावे, कारण विचारण्यात अर्धा मीटर जातो.

एका आसाची कॅराव्हॅन एक रोलर पुढे आणि दुसरा मागे फिरवून जागच्या जागी वळू शकते. जॉकी व्हीलला मोकळे फिरता आले, तरच हे जमते. खडीत ते रुतते, म्हणून त्याखाली प्लायवुडची पट्टी घालावी. दोन आसांची कॅराव्हॅन असे जागेवर फिरवली, तर तिचे टायर आडवे घासतात. तिला लांब कमानीत, पुढे-मागे करत वळवावे.

पदपथाची उतरती कडा साधारण २५ मिलिमीटर असते. तेवढीही चाकासमोर आडवी आली की रोलर जागेवरच फिरू लागतो आणि टायरचे रबर खरवडतो. कडेला रबरी पाचर लावावी आणि दोन्ही चाके एकाच वेळी चढतील अशा सरळ कोनात जावे. तिरके गेल्यास मूव्हरच्या एकाच बाजूच्या मोटारीवर सगळा भार येतो. अडले म्हणून मागे जाऊन वेगाने आपटण्याचा मोह होतो, तो टाळावा.

ओल्या गवतावर वळणे जितकी कमी तितके चांगले. चिखल रोलरला लागला की पकड संपते, म्हणून थांबून पुसावे. पर्याय असेल, तर गवतावर सरळ रेषेत चढावे आणि वळण कडक जमिनीवर घ्यावे.

७. मोटारीला जोडताना

हिच टो-बॉलपेक्षा, म्हणजे मोटारीच्या मागच्या जोडणीच्या गोळ्यापेक्षा, तीन-चार सेंटिमीटर वर येईल इतके जॉकी व्हील फिरवावे आणि मूव्हरने अगदी थोडे थोडे करत हिच बॉलच्या वर आणावे. स्थिरता देणारे घर्षण-पॅडचे हिच असेल, तर बॉल कोरडा आणि ग्रीस नसलेला हवा. हिच वर आले की हँडब्रेक ओढावा, मग जॉकी व्हील फिरवून हिच बॉलवर उतरवावे. पकड बसल्याची खूण पाहावी आणि जॉकी व्हील पुन्हा खाली फिरवून मोटारीचा मागचा भाग किंचित उचलला जातो का हे तपासावे.

रोलर याच वेळी सोडावेत, हँडब्रेक अजून लागलेला असताना. रोलर लागलेले ठेवून मोटार पुढे नेली, तर टायर, रोलर आणि मूव्हरचे गिअर तिन्ही निकामी होतात. मोटारीच्या जोराला मूव्हरचा जोर जोडून चिखलातून काढण्याचा प्रयत्नही करू नये.

तपासणी: दोन्ही रोलर आणि टायर यांच्यात बोट सहज जाईल इतकी फट दिसली पाहिजे. नेमके अंतर पुस्तिकेत असते, साधारणपणे २० मिलिमीटर. मुख्य स्विच बंद करूनच मोटारीत बसावे.

८. मध्येच बंद पडल्यास

पहिली कृती एकच, हँडब्रेक ओढणे. दुसरी म्हणजे उताराकडच्या बाजूला अटकणी लावणे. कारण त्यानंतर शोधावे. बॅटरी उतरली असेल, तर बाहेरची वीज जोडून काही तास चार्ज होऊ द्यावी. चार्जर नुसता जोडून लगेच मूव्हर चालवू नये, कारण तेवढा प्रवाह चार्जर देऊ शकत नाही. रिमोटचे सेलही पाहावेत. मूव्हरच्या मोटारीची पेटी गरम झाली असेल, तर थंड होऊ द्यावी, ती गरम होऊन आपोआप बंद झालेली असते.

रोलर बटणावर चालणारे असतील, तर बॅटरी संपताच ते चाकावर अडकून राहतात आणि कॅराव्हॅन ओढताही येत नाही. अशा मूव्हरसोबत हाताने रोलर सोडवायची किल्ली येते. ती कॅराव्हॅनच्या आतल्या कपाटात न ठेवता पुढच्या गॅसच्या पेटीत, बाहेरून हाती लागेल अशी ठेवावी. किल्ली वापरतानाही हँडब्रेक आणि अटकणी लागलेल्या असल्याची खात्री करून, एक बाजू पूर्ण सोडवावी, ती हललेली नाही हे पाहावे आणि मगच दुसऱ्या बाजूला जावे.